धातूंचा रक्षक : हम्फ्री डेव्ही

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, तेलंगणाच्या सीमेजवळ, माणिकगडाच्या डोंगरांत जिवती हे गाव वसले आहे. या डोंगरी मुलखात पावसाळा चांगलाच मुक्काम ठोकतो. अंगणात पडून राहिलेला लोखंडी खिळा अथवा विळा एका पावसाळ्यातच तांबूस होऊन गंजू लागतो. परंतु त्याच पावसात भिजणारे घरावरचे टिनाचे पत्रे मात्र वर्षानुवर्षे टिकून राहतात. लोक त्यांना टिनाचे पत्रे म्हणत असले, तरी वस्तुतः ते लोखंडाचेच असतात; त्यांवर जस्ताचा पातळ मुलामा दिलेला असतो. त्या मुलाम्यावर ओरखडा उठून आतील लोखंड उघडे पडले, तरी ते लगेच गंजत नाही. जवळचे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. एका धातूने झिजून दुसऱ्याचे रक्षण करावे, या निसर्गनियमाचा विचारपूर्वक उपयोग प्रथम करून दाखविणारा शास्त्रज्ञ म्हणजे सर हम्फ्री डेव्ही होय. ज्वालाग्राही वायू वाहून नेणारे पोलादी नळ आज देशोदेशी जमिनीखाली सुरक्षित राहतात, तेही याच नियमाच्या आधारावर. ज्याने हा मार्ग दाखविला, त्याच्या वाट्याला मात्र हयातीत त्याबद्दल उपहासच आला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील पेन्झान्स या समुद्रकाठच्या गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हम्फ्रीचा जन्म झाला. कॉर्नवॉलची भूमी कथील व तांबे यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होती. हम्फ्रीचे वडील लाकडावर नक्षीकाम करीत. पाच भावंडांत हम्फ्री सर्वांत मोठा. शाळेच्या ठराविक अभ्यासात त्याचे मन फारसे रमत नसे. परंतु वाचलेली गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी त्याला लहानपणीच साधली होती. बाजारात एखाद्या गाड्यावर उभे राहून तो गोष्ट सांगू लागला, म्हणजे गावातील मुले त्याच्याभोवती गोळा होत. मासे पकडणे, समुद्रकाठी भटकणे आणि कविता रचणे हे त्याचे आवडते छंद होते.

हम्फ्री पंधरा वर्षांचा झाला आणि त्याच्या या मुक्त जीवनावर अकस्मात आघात झाला. १७९४ साली त्याचे वडील वारले. घरात कर्ज झालेले होते आणि चार धाकटी भावंडे होती. घरची ही स्थिती पाहून हम्फ्री एकदम गंभीर झाला. पुढील वर्षी गावातील एका वैद्याच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. दिवसा औषधे कुटावयाची व चाळावयाची आणि रात्री स्वतः आखलेला अभ्यास करावयाचा, असा त्याचा नित्यक्रम ठरला. भाषा, गणित, तत्त्वज्ञान अशा अनेक विषयांची यादी त्याने आपल्या वहीत लिहून काढली आणि तिच्याप्रमाणे तो एकट्याने शिकू लागला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिये याचा ग्रंथ हाती पडला आणि रसायनशास्त्राने त्याला कायमचे आपलेसे केले. प्रयोगांसाठी साधने कोठून आणावयाची? औषधालयातील बाटल्या, स्वयंपाकघरातील भांडी, जे मिळेल ते तो उपयोगात आणी. माळ्यावरच्या खोलीत त्याचे प्रयोग चालत, आणि मधूनमधून होणाऱ्या स्फोटांनी घरातील माणसे दचकून उठत.

त्याच्या बुद्धीची कीर्ती लवकरच गावाबाहेर पोहोचली. ब्रिस्टल शहरात बेडोज नावाच्या डॉक्टरांनी निरनिराळ्या वायूंचा रोग्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी एक संस्था काढली होती. १७९८ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, हम्फ्रीला तेथे बोलावणे आले. तेथे तो निरनिराळे वायू तयार करी आणि ते स्वतःच हुंगून त्यांचा परिणाम टिपून ठेवी. अशाच एका विषारी वायूने एकदा त्याचे प्राण जाण्याची वेळ आली होती. नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगला असता माणसाला हसू येते आणि वेदना कमी जाणवतात, असे त्याला आढळून आले. शस्त्रक्रियेच्या वेळी या वायूचा उपयोग करता येईल, अशी सूचना त्याने १८०० साली आपल्या ग्रंथात केली. परंतु तिकडे कोणी लक्ष दिले नाही. तब्बल चव्वेचाळीस वर्षांनी अमेरिकेतील एका दंतवैद्याने हा वायू दात काढताना वापरून पाहिला. डेव्हीच्या आयुष्यात एखादी कल्पना काळाच्या फार पुढे जन्मास येण्याचा हा पहिला प्रसंग होता, शेवटचा नव्हे.

१८०१ साली डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत गेला. त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्वानांप्रमाणेच सामान्य स्त्रीपुरुषही गर्दी करीत. लहानपणी गाड्यावर उभे राहून गोष्टी सांगणारा मुलगा आता प्रयोग करून दाखवीत निसर्गाच्या गोष्टी सांगत होता. श्रोत्यांच्या घोडागाड्यांनी संस्थेसमोरचा रस्ता भरून जाई.

याच सुमारास विज्ञानाच्या क्षेत्रात एक मोठी घटना घडली होती. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली विजेचा घट तयार केल्याचे जाहीर केले. दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या घ्यावयाच्या, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला कापडाचा तुकडा ठेवावयाचा आणि अशा जोड्यांची चळत रचावयाची. एवढ्याने विजेचा अखंड प्रवाह मिळू लागला. ही वीज कोठून येते, याचा डेव्हीने कसून विचार केला. धातू आणि खारे पाणी यांच्यात जी रासायनिक क्रिया घडते, तिच्यापासूनच वीज निर्माण होते, असे त्याचे मत झाले. मग त्याने याच विचाराची उलट बाजू पाहिली. रासायनिक क्रियेने जर वीज मिळते, तर विजेने रासायनिक बंधन का तुटू नये?

या प्रश्नाचे उत्तर १८०७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मिळाले. पोटॅश हा राखेपासून मिळणारा क्षार त्या काळी कोणालाही फोडता आला नव्हता. डेव्हीने थोड्याशा ओलसर पोटॅशमधून विजेचा जोरदार प्रवाह सोडला. पाहता पाहता पाऱ्यासारखे चकाकणारे लहान लहान गोळे दिसू लागले आणि त्यांतील काही पेट घेऊन जळून गेले. हा पोटॅशियम नावाचा नवा धातू होता. एरवी विद्वत्सभा गाजविणारा डेव्ही त्या क्षणी आनंदाने खोलीभर नाचू लागला. थोड्याच दिवसांत त्याने सोडियम वेगळा केला आणि पुढील वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम हे धातू शोधून काढले. धातूंचे आणि विजेचे नाते किती निकटचे आहे, हे त्याच्याइतके स्पष्टपणे त्या काळी क्वचितच कोणाला कळले असेल.

१८१२ साली डेव्हीला सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एका स्फोटक द्रव्यावर प्रयोग करताना त्याच्या डोळ्यांस इजा झाली. पुढच्या वर्षी त्याने आपल्या प्रयोगशाळेत एका गरीब लोहाराच्या मुलाला मदतनीस म्हणून घेतले. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला हा तरुण म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेला मायकेल फॅरडे होय.

यानंतर डेव्हीने जे कार्य केले, त्याचे महत्त्व चंद्रपूर जिल्ह्यातील मुलांना सहज उमजेल. वर्धा नदीच्या खोऱ्यात बल्लारपूर, सास्ती, घुग्घुस या भागांत दगडी कोळशाच्या खाणी आहेत. दगडी कोळशाच्या थरांत मिथेन नावाचा वायू साठलेला असतो. तो खाणीत पसरला आणि त्याला ज्योत लागली, की भयंकर स्फोट होतो. इंग्लंडमधील फेलिंग येथील खाणीत १८१२ साली झालेल्या अशाच स्फोटात ९२ माणसे व मुले मरण पावली. अंधारात दिव्यावाचून काम करता येत नाही आणि दिव्याची ज्योत तर जीव घेते, अशा पेचात खाणकामगार सापडले होते. १८१५ साली डेव्हीने हा प्रश्न हाती घेतला आणि थोड्याच काळात सुरक्षादीप तयार केला. त्याने दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसविली. जाळीतून हवा आत जाते. पण ज्योतीची उष्णता जाळीची तार ओढून घेते, त्यामुळे ज्योत बाहेर पडून बाहेरचा वायू पेटवू शकत नाही. वायू वाढला, म्हणजे आतील ज्योतीचे रूप पालटते आणि कामगारास धोक्याची सूचना मिळते. जॉर्ज स्टीफन्सन यानेही त्याच सुमारास एक सुरक्षादीप बनविला होता आणि त्यावरून पुष्कळ वाद झाला. तथापि, डेव्हीने आपल्या दिव्याचे हक्क राखून ठेवले नाहीत, ही गोष्ट विसरता येत नाही. त्यापासून त्याला मोठी संपत्ती मिळाली असती. परंतु तो दिवा त्याने सर्वांसाठी मोकळा ठेवला.

१८२० साली डेव्ही रॉयल सोसायटी या विद्वत्सभेचा अध्यक्ष झाला. तो कीर्तीच्या शिखरावर असताना इंग्लंडच्या नौदलाने त्याच्यापुढे एक नवा प्रश्न ठेवला. त्या काळी जहाजे लाकडाची असत. समुद्रातील किडे लाकूड पोखरीत, म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकीत. परंतु खारे पाणी ते तांबे खाऊन टाकी आणि वरचेवर नवे पत्रे बसविण्यात फार मोठा खर्च होई. यावर उपाय सुचवावा, अशी नौदलाची विनंती होती.

डेव्हीने व्होल्टाच्या घटाची आठवण ठेवून विचार केला. खाऱ्या पाण्यात तांबे झिजते, तेव्हा तेथे रासायनिक क्रियेबरोबर विजेचीही क्रिया चालू असते. तर मग तांब्याला त्याच्याहून अधिक सहजपणे झिजणारा धातू जोडला तर? त्याने तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा लहानसा तुकडा जोडला आणि दोन्ही समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवले. जस्त झिजू लागले. तांबे मात्र जसेच्या तसे राहिले. जस्ताऐवजी ओतीव लोखंड वापरले, तरी तोच अनुभव आला. संरक्षक धातूचे क्षेत्र तांब्याच्या चाळिसाव्या, फार काय दीडशेव्या हिश्शाइतके असले, तरी पुरे होई. यामागील नियम थोडक्यात असा सांगता येईल : ज्या ठिकाणी विजेचा प्रवाह धातू सोडून पाण्यात अथवा ओल्या मातीत शिरतो, त्या ठिकाणी धातू झिजतो, आणि ज्या ठिकाणी प्रवाह पाण्यातून किंवा मातीतून धातूत येतो, त्या ठिकाणी धातू वाचतो. १८२४ साली डेव्हीने आपले हे संशोधन रॉयल सोसायटीपुढे मांडले.

लगेच प्रत्यक्ष जहाजांवर प्रयोग सुरू झाले. त्यांत आपल्या देशात, कोचीन येथे बांधलेली ‘समारंग’ ही युद्धनौकाही होती. तिच्या तळाला लोखंडाचे ठोकळे बसवून तिला अटलांटिक महासागरापार नोव्हा स्कोशियाला धाडण्यात आले. लोखंड झिजले आणि तांबे वाचले. डेव्हीचा सिद्धान्त समुद्राच्या कसोटीस उतरला असे वाटले.

परंतु समुद्राने एक निराळीच अडचण पुढे आणली. संरक्षक धातू बसविलेली जहाजे लांबच्या सफरींवर जाऊन आली, तेव्हा त्यांच्या तळांवर शंखशिंपल्यांचे आणि शेवाळाचे दाट थर साचलेले आढळले. त्या ओझ्याने जहाजांची गती मंदावली. याचे कारण असे होते, की तांबे हळूहळू विरघळत असताना त्याचे विष पाण्यात मिसळे आणि त्यामुळे जलजीव तळाला चिकटत नसत. डेव्हीने तांब्याची झीज थांबविली आणि त्याबरोबर तांब्याचा तो गुणही नाहीसा झाला. उपाय अयशस्वी ठरला तो अपुरा होता म्हणून नव्हे, तर फार परिणामकारक होता म्हणून! १८२५ साली नौदलाने समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरील हे संरक्षक काढून टाकण्याचा आदेश दिला. कालपर्यंत स्तुती करणाऱ्यांनी आता थट्टा आरंभिली. मोठ्या सफरींवर अधिक काळ परीक्षा घेतल्यावाचून डेव्हीने यशाची द्वाही फिरविली, हा त्याचा उतावळेपणा होता यात संशय नाही. तथापि, उपाय एका जागी निरुपयोगी ठरला म्हणून त्यामागील नियम खोटा ठरत नाही, हा विवेक त्या वेळी फार थोड्यांनी दाखविला.

या अपयशाचा घाव डेव्हीच्या मनाला खोल लागला. तो स्वभावाने मानी होता आणि कीर्तीची त्याला ओढ होती. ज्या फॅरडेला त्याने स्वतः हाताशी धरले, त्याची १८२४ साली रॉयल सोसायटीवर निवड होत असताना त्याने विरोध केला, हा त्याच्या चरित्रातील डाग म्हणावा लागेल. पुढे पक्षाघाताने त्याचे शरीर खिळखिळे झाले. १८२७ साली त्याने अध्यक्षपद सोडले. उरलेला काळ त्याने युरोपात प्रवास, मासेमारी आणि लेखन यांत घालविला. २९ मे १८२९ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याने देह ठेवला. तेथेच त्याचे दफन झाले.

मनुष्य गेला, परंतु त्याने दाखविलेला नियम राहिला. १८३७ साली फ्रान्समधील सोरेल याने लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे हक्क मिळविले. जिवतीच्या घरांवरचे पत्रे आणि विहिरीवरच्या जस्ती बादल्या याच पद्धतीने रक्षिल्या जातात. फॅरडेने गुरूच्याही पुढे पाऊल टाकले. किती वीज वाहिली असता किती धातू विरघळतो, याचे अचूक नियम त्याने १८३३-३४ च्या सुमारास शोधून काढले. त्या नियमांप्रमाणे हिशेब केला, तर एक ॲम्पिअर इतका प्रवाह लोखंडातून वर्षभर मातीत बाहेर पडत राहिल्यास सुमारे ९ किलोग्रॅम लोखंड नाहीसे होते.

हा हिशेब केवळ वहीपुरता राहिला नाही. १८८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शहरांतून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली, तर विजेची आगगाडी १९२५ साली सुरू झाली. अशा गाड्यांना वरच्या तारेतून वीज मिळते आणि ती रुळांवाटे वीजकेंद्राकडे परत जाते. परंतु रूळ जमिनीला टेकलेले असल्यामुळे काही प्रवाह वाट सोडून मातीत भरकटतो. जवळून एखादा लोखंडी नळ गेला असेल, तर तो त्या नळात शिरतो. कारण मातीपेक्षा लोखंडातून जाणे त्याला सोपे असते. वीजकेंद्राजवळ आल्यावर तो नळ सोडून पुन्हा मातीत उतरतो. डेव्हीचा नियम येथे उग्र रूपाने प्रकट होतो. प्रवाह जेथे शिरतो तेथे नळाचे काहीच बिघडत नाही. पण जेथे तो बाहेर पडतो तेथे नळ झिजतो. नळाच्या वेष्टनास एखादेच लहान छिद्र असेल, तर सारा प्रवाह तेथूनच बाहेर पडतो आणि पोलादालाही भोक पडते. नळात नैसर्गिक वायू असेल, तर संकट मोठेच. कारण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. ज्याच्या स्फोटांपासून कामगारांना वाचविण्यासाठी डेव्हीने सुरक्षादीप केला, तोच हा वायू होय.

आणि या संकटावर उपायही डेव्हीच्याच नियमात सापडला. १९२८ साली अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे रॉबर्ट कून या अभियंत्याने जमिनीखालील वायूच्या नळाला मुद्दाम विजेचा प्रवाह पुरविला. नळापासून काही अंतरावर जमिनीत दुसरे धातूचे तुकडे पुरावयाचे आणि प्रवाह त्यांच्यातून मातीत व मातीतून नळात येईल अशी योजना करावयाची. मग ते तुकडे झिजतात आणि नळ वाचतो. भरकटलेला प्रवाह नळात शिरलाच, तर त्याला मातीत न उतरता तारेवाटे परत जाण्याची वाटही करून देतात. नळाच्या बाबतीत शंखशिंपल्यांची अडचण नव्हती. डेव्हीचा जो उपाय सागराने नाकारला, तो शंभर वर्षांनी भूमीने स्वीकारला.

आज वायूच्या लांब नळांचे असेच रक्षण करतात. मुंबईच्या उपनगरी गाड्या एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे दिष्ट प्रवाहावर चालत, त्या २०१६ पर्यंत प्रत्यावर्ती प्रवाहावर आणल्या गेल्या. या प्रवाहाने नळ झिजण्याचा धोका पुष्कळच कमी असतो. परंतु कोलकाता आणि बंगळूर येथील मेट्रो गाड्या दिष्ट प्रवाहावर चालतात, आणि तशा ठिकाणी रुळांवरील प्रवाह मातीत जाऊ नये म्हणून विशेष दक्षता घ्यावी लागते. वायूच्या नळाच्या मार्गावर ठिकठिकाणी छोटे खांब उभारलेले असतात. तेथे येऊन कामगार नळ आणि माती यांच्यातील विजेचा दाब मोजतात व नळ सुरक्षित आहे की नाही हे खोदल्यावाचून ओळखतात.

वडिलांच्या मागे कर्ज उरलेल्या एका मुलाने स्वयंपाकघरातील भांडी घेऊन निसर्गाला प्रश्न विचारण्यास आरंभ केला. त्याची काही उत्तरे जगाने डोक्यावर घेतली, काही हसण्यावारी नेली. हसण्यावारी नेलेले एक उत्तर आज जमिनीच्या पोटात, कोणाच्याही दृष्टीस न पडता, अहोरात्र लाखो लोकांचे रक्षण करीत आहे. प्रयोग फसला तरी त्यातून हाती आलेले सत्य फुकट जात नाही. ते आपली वेळ येईपर्यंत वाट पाहते. हम्फ्री डेव्हीच्या चरित्राचे हेच सार होय.